आईच्या कानाचं ऑपरेशन: यवतमाळ, सेवाग्राम की नागपूर?

घाटंजीवाला: आईचं वय 48. डावा कान लहानपणापासून वाहते, पावसाळ्यात जास्तच. डॉक्टरांनी पडद्याला भोक सांगितलं, ऑपरेशन करा म्हणाले. 25 हजारांच्या वर झेपणार नाही. कापूस वेचणीच्या आधी करावं की नंतर? कोणाकडे झालं असेल तर सांगा.

काळी_माती: भाऊ, सरळ नागपूर गाठा. माझ्या नाकाचं वाकडं हाड धंतोलीत सरळ केलं. 90 हजार लागले, पण तिसऱ्या दिवशी नाकातल्या पट्ट्या काढल्या अन् जो श्वास आत गेला, तो अजून आठवते. पैशाकडे पाहू नका. वेचणीच्या आधीच करा.

वर्धेकर: त्यांनी 25 हजार लिहिलं आहे, अन् विषय कानाचा आहे. सेवाग्रामला न्या. फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. आता पांढरं कार्डही चालते.

पारव्याची_सून: आमच्या सासऱ्यांचा कान लसणाच्या कोमट तेलानं थांबला. तोवर ते टाकून पाहा.

निवृत्त_सिस्टर: ताई, तेल अजिबात नको! पडद्याला भोक असलं की ते सरळ मधल्या कानात उतरते. घाटंजीवाले भाऊ, पुवाला वास येते का? वास नसेल तर बहुतेक नुसतं भोक असते. कानाच्या वरच्या स्नायूवरची पातळ झिल्ली काढून तिचाच पडदा बसवतात. थोडाच पण घाण वासाचा पू असेल तर हाड कुरतडणारा रोग असू शकते, मग कानामागचं हाडही साफ करावं लागते. चक्कर आली, तोंड वाकडं झालं तर एक दिवसही थांबू नका. ऐकू येण्याची तपासणी आधीच करून घ्या.

पारव्याची_सून: सासरे आज 81 चे आहेत, काही झालं नाही.

निवृत्त_सिस्टर: त्यांचं नशीब चांगलं. मी असे बुरशी धरलेले कान धुतले आहेत.

काळी_माती: मी तरी नागपूरच म्हणीन.

वर्धेकर: सेवाग्राम. माझ्या भाच्याचे टॉन्सिल तिथंच काढले. वेचणीच्या आधी करा हे मात्र बरोबर.

घाटंजीवाला: सगळ्यांचे आभार. सिस्टर, वास नाही. स्कॅन काढला, हाड चांगलं आहे. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजातच करून राहिलो. मावशी तिथं राहते, ड्रेसिंगला पायी जाता येते. नागपूरला चार खेपा मारणं आईला जमणार नाही. वेचणीच्या आधी मात्र नाही. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा, दरवर्षी तिच्याच हातानं होते, पहिला वेचा झाल्यावर भरती करतो. डॉक्टर म्हणाले, थांबलं तरी चालते, कान तोवर कोरडा पाहिजे. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून बोळा मीच घालून देतो.