मदत हवी आहे: रत्नागिरीहून शारजाच्या शाळेत

नमस्कार मंडळी. एप्रिलपासून शारजात नववी-दहावीला गणित शिकवायचंय. यूएईसाठी बी.एड.च्या प्रमाणपत्रावर नुसतं अपॉस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला शिक्का) चालत नाही. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास. क्रम चुकला की कागद परत. राज्याच्या शिक्क्यासाठी मुंबईला स्वतःच जावं लागतं, की एजंट पुरतो?

तिथे 2022 पासून शुक्र-शनि-रवि सुट्टी, म्हणजे आठवड्याला चारच दिवस. दहावीचा पोर्शन कसा बसवता? रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या मुलांची चाचणी पहिल्याच तासाला घ्यावी ना? पाणी स्टाफरूममध्येच प्यायचं हे धरूनच चाललोय.

आणि मसाला! खसखशीवर तिथे बंदी, म्हणून मालवणी मसाला तिच्याशिवायच कुटणार. आमसुलं, कुळथाचं पीठ बॅगेत चालतं का?