मदत हवी आहे: दौऱ्यावर नऊच खेळाडू उरले, कीपिंग कोणाला द्यावं?
मंडळी, हौशी टीम घेऊन दौऱ्यावर आलोय, उद्या ४० ओव्हरची मॅच. अकरापैकी दोघं आडवे. एकाला ताप, तर कीपर जिन्यावरून घसरला (मैदानात कधी डाइव्ह मारली नाही पठ्ठ्याने!). म्हणजे आमच्या आठ विकेट पडल्या की खेळ खलास.

समोरचा कॅप्टन भला माणूस, फिल्डिंगला दोन पोरं देतो म्हणालाय. २०१७ च्या नियमांपासून बदली खेळाडू अंपायरच्या संमतीने कीपिंग करू शकतो, बॉलिंग-बॅटिंग मात्र नाही. मग ग्लोव्हज परक्या पोराला द्यावेत की आमच्याच एखाद्या बॅट्समनला? त्यात पिच मॅटिंगचं (म्हणजे वर चटई अंथरलेलं), बॉल उसळणार. मॅटिंगवर कीपिंग केलेलं कोणी आहे का? स्टंपपासून किती मागे उभं राहायचं? आज रात्रीच सांगा, टॉस सकाळी ९ ला आहे.