पेन्सिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीसाठी २०० डॉलरच्या आतली दुर्बीण: कुठली घ्यावी?

पहिलाच_सीझन

नमस्कार मंडळी. मी पेन्सिल्व्हेनियात, लीहाय व्हॅलीत राहतो. हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स आलं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा सीझन सुरू होईल तेव्हा ऑफिसातल्या एका मुरलेल्या शिकाऱ्याबरोबर पहिल्यांदाच रानात जाणार आहे. वर उत्तरेला, पॉटर काउंटीच्या बाजूला, सरकारी जंगलात. रायफल, बूट, ऑरेंज जॅकेट सगळं जमलं, फक्त दुर्बिणीचं घोडं अडलंय.

बजेट २०० डॉलर. सहकारी म्हणतो १०×४२ घे. दुकानात एक १०-३०×५० झूमवाली दिसली, तीही स्वस्तात. बायको म्हणते खिशात मावणारी ८×२५ घे, म्हणजे फिरायला जातानाही नेता येईल. मला चष्मा आहे, जवळचं आणि लांबचं दोन्ही नंबर.

आणखी एक. रायफलवर ३-९ चा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, आहेच. मग वेगळी दुर्बीण खरंच लागते का?

रानवाट

लागते. आणि झूमवाली घेऊ नका. सविस्तर पॉटरकर सांगतीलच, ते त्याच भागात राहतात.

पॉटरकर

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. स्कोपमधून रान न्याहाळायचं नाही. कधीच नाही. स्कोपमधून बघायचं म्हणजे रायफल त्या दिशेला रोखायची, आणि पलीकडे जे हललं ते हरीण आहे की दुसरा शिकारी, हे कळायच्या आधीच नळी त्याच्यावर धरलेली असते. सरकारी जंगलात पहिल्या दिवशी माणसं भरपूर असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून २५० चौरस इंच ऑरेंज असतं खरं, पण खोडाआड बसलेल्या माणसाचा तेवढाच एक तुकडा दिसतो. आधी दुर्बीण, खात्री पटली की मग रायफल. हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. म्हणून माझ्या मते दुर्बीण ही बूट-जॅकेटच्या यादीतली वस्तू नाही, सुरक्षेची वस्तू आहे.

दुसरं कारण शिंगांचं. २००२ पासून इथे नर मारायचा तर शिंगांची टोकं मोजावी लागतात. राज्याच्या बहुतेक भागात मोठ्या माणसांसाठी एका बाजूला किमान तीन टोकं हवीत. पश्चिमेकडच्या काही युनिटांत (शिकारीसाठी राज्याचे असे विभाग पाडलेत) तर कपाळाजवळचं पहिलं टोक सोडून तीन. आणि टोक धरायचं तर ते निदान एक इंचाचं हवं. झाडीतून डोकं अर्धवट दिसतंय, उजेड कमी, अशा वेळी तो एक इंच नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तुमचं युनिट कुठलं आणि तिथला नियम काय, हे यंदाच्या डायजेस्टमध्ये, म्हणजे शिकारीच्या नियमांच्या पुस्तिकेत, बघून ठेवा.

आता आकडे. ८×४२ मधला ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की मागून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा आकार मिळतो. ८×४२ ला सव्वापाच मिलिमीटर. १०×४२ ला ४.२. बायको म्हणतात त्या ८×२५ ला जेमतेम तीन. झूमवाली तीसवर नेली तर दोनसुद्धा नाही. अंधारात तरण्या डोळ्याची बाहुली सातपर्यंत उघडते, पन्नाशीत बऱ्याच जणांची पाचच्या आसपास अडते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी आहे, आणि हरणं फिरतात ती बरीचशी याच दोन टोकांना. दुपारी बाराला कुठल्याही दुर्बिणीतून चांगलंच दिसतं. पैसे द्यायचे ते झुंजुमुंजूच्या आणि तिन्हीसांजेच्या त्या थोड्या वेळासाठी. फिरायला जायला ८×२५ छान आहे, या कामाला नाही.

८ की १०? तुमचा सहकारी कदाचित मोकळ्या शेतांच्या कडेने शिकार करत असेल, तिथे १० ला अर्थ आहे. आमच्याकडचं रान तसं नाही. ओक, बीच, हेमलॉक, आणि खाली कमरेच्या वर माउंटन लॉरेलची गच्च सदाहरित झुडपं. शंभर यार्डांपलीकडे दिसलं तर नशीब. तिथे पट वाढवून काही मिळत नाही, उलट हाताचा कंप वाढतो, दिसणारा पट्टा अरुंद होतो आणि फोकसची खोली, म्हणजे एका वेळी जवळ-लांबचं जेवढं स्पष्ट दिसतं ती, कमी होते. ही शेवटची गोष्ट दुकानात कळत नाही. झाडीत दुर्बीण वापरायची ती थर उलगडत: जवळच्या फांद्यांवर फोकस, मग चाक जरासं फिरवून त्यांच्या मागे, मग आणखी मागे. पुढच्या काटक्या धूसर होऊन विरतात आणि मागचं उघडं पडतं. अख्खं हरीण शोधू नका, ते असं दिसतच नाही. सगळी खोडं उभी, त्यात एखादी आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. कान हलतो. नाकाचा काळा ठिपका, गळ्याखालचा पांढरा डाग. या कामाला ८ च हवी.

काच कशी ओळखायची ते सांगतो, कारण या किमतीत खोक्यावर सगळ्यांच्याच गोड गोड शब्द असतात. 'फुली मल्टी-कोटेड', म्हणजे सगळ्या भिंगांवर अनेक थरांचा लेप, असं लिहिलेलं हवं, नुसतं 'कोटेड' नको. भिंगात दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळं आणि फिकं असेल तर लेप आहे. लख्ख पांढरं दिसलं तर त्या पृष्ठभागावर लेप नाही. समोरून माणकासारखी लालभडक दिसणारी भिंगं सरळ सोडून द्या. मग दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा आणि मागच्या भिंगातली प्रकाशाची चकती बघा. पूर्ण गोल असेल तर आतले लोलक (प्रिझम) बॅक-४ या चांगल्या काचेचे असण्याची शक्यता जास्त. कडा कापून चौकटीसारखी दिसली, बाजूला करड्या सावल्या आल्या, तर स्वस्त काच. शेवटी छताची तुळई किंवा फळीची कड दोन्ही डोळ्यांनी बघा. रेघ दुहेरी दिसली किंवा डोळे ताणले गेले तर ठेवून द्या.

नळी सरळ असलेल्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत लोलकावर फेज कोटिंग नावाचा खास लेप हवा. तो नसेल तर बारीक तपशील भुरकट होतो. जुन्या पद्धतीच्या रुंद खांद्यांच्या पोरो दुर्बिणीला तो लागतच नाही, म्हणून कमी पैशात पोरोची काच सरस निघते. निकॉनची ॲक्शन एक्स्ट्रीम ८×४० तशी आहे, पाण्याला दाद देत नाही, चष्म्यालाही चालते. पण वजन साडेआठशे ग्रॅम. दिवसभर मचाणावर बसणार असाल तर घ्या, डोंगर चढणार असाल तर मान बोलेल. रूफमध्ये निकॉन प्रोस्टाफ पी७ ८×४२ तुमच्या बजेटात बसावी. व्होर्टेक्सची डायमंडबॅक एचडी ८×४२ थोडी वर जाते, सीझनच्या आधी सेल लागतात तेव्हा बघा. नाहीतर ती वापरलेली घ्या. व्होर्टेक्सची वॉरंटी आयुष्यभराची, मालक बदलला तरी लागू आणि पावती लागत नाही. त्यामुळे जुनी घ्यायला भीती नाही.

चष्म्यासाठी 'आय रिलीफ' चा, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं त्याचा, आकडा बघा. १५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, १७-१८ असेल तर उत्तम. मी स्वतः चष्मा लावूनच बघतो. मागचे रबरी कप पूर्ण खाली फिरवायचे आणि चष्म्याची काच त्यांना टेकवायची.

गोदाकाठ

नाशिकहून लिहितोय. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच नाही, पण पॉटरकरांनी सांगितलेली परीक्षा पक्ष्यांच्या दुर्बिणीलाही तंतोतंत लागू आहे, म्हणून धागा जपून ठेवला. नांदूरमध्यमेश्वरला थंडीत भल्या पहाटे आम्ही ८×४२ च वापरतो. फक्त पाण्यावर लांब बसलेली बदकं ओळखायला १० ची उणीव भासते. तेवढ्यासाठी कुणातरी एकाकडे स्टँडवरचा स्पॉटिंग स्कोप असला की भागतं.

पहिलाच_सीझन

पॉटरकर काका, मनापासून आभार. आज दुकानात जाऊन ट्यूबलाइटखाली सगळ्या बघितल्या. झूमवालीची चकती साफ चौकोनी निघाली. प्रोस्टाफ पी७ आणि डायमंडबॅक दोन्ही डोळ्याला लावल्या. दुकानाच्या उजेडात मला फरक कळेना, म्हणून काउंटरवरच्या बाईंना विनंती करून संध्याकाळी दारात उभं राहून पार्किंगपलीकडची झाडी बघितली. तिथे डायमंडबॅकमध्ये फांद्या जास्त वेळ सुट्या दिसल्या. वापरलेली एक १६० ला मिळतेय, उद्या बघायला जातो. उरलेल्या ४० मध्ये अजून काही घ्यावं का?

पॉटरकर

दारात जाऊन बघितलंत, हे फार चांगलं केलंत. विकत घेण्याआधी उद्याही तेच करा.

चाळीसमध्ये छातीवर बांधायचा हार्नेस घ्या. सोबतचा गळ्यातला पट्टा मानेला काचतो आणि वाकलं की दुर्बीण रायफलवर आपटते. हार्नेसमध्ये ती छातीशी घट्ट राहते आणि एका हाताने वर येते.

घरी आणली की दोन्ही डोळ्यांचं जुळवून घ्या, तेही चष्मा लावूनच. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी कुठे थांबली ते बघून ठेवा, रानात ती धक्क्याने सरकते. जाड हातमोजे घालून मधलं चाक फिरवायची सवयही आत्ताच करा.

थंडीचं एक. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. बाहेरून मात्र तुमच्या श्वासाने मागची भिंगं लगेच धुरकटतात. बघताना श्वास खाली सोडा, आणि गाडीत हीटरजवळ ठेवू नका. फडकं मऊ, कोरडं, खिशात वेगळ्या पिशवीत. जॅकेटच्या बाहीने पुसलंत तर ज्या लेपासाठी पैसे मोजलेत तोच घासून जाईल.

पहाटे निघण्याआधी थर्मास भरून घ्या, वर गाडी उभी करायच्या जागेजवळ काही मिळत नाही. आणि तुमच्या युनिटचा नंबर इथे लिहा, तिथल्या वाटा मला ठाऊक असतील तर सांगतो.