ड्रॅग आणि यवतेश्वर घाट: एकाच शॉकअपवर जमेल का?

प्रश्न: गाडी स्विफ्ट पेट्रोल, साताऱ्यात. ड्रॅग (सरळ रेषेतली शर्यत) ट्रॅकवर सुटताना पुढची चाकं जागेवर फिरतात, घाटात बॉडी झुलते. ॲडजस्टेबल शॉकअप घ्यायचेत. पुढचं रिबाउंड (शॉकअप परत लांब होतानाचा विरोध) ढिलं ठेवायचं ना?

उत्तर: भावा, तो सल्ला मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा. तुझी पुढून ओढते; नाक उचललं की पकड गेलीच. ड्रॅगला पुढचं रिबाउंड आणि मागचं कम्प्रेशन (शॉकअप दबतानाचा विरोध), दोन्ही कडक. घाटात मात्र मागचं कम्प्रेशन सोड, नाहीतर वळणात खड्डा आला की शेपूट उडी मारते. पुढचं रिबाउंडही थोडं सोड. फार कडक असलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक वेळेत खाली येत नाही, गाडी बसतच जाते. एका नॉबच्या (कडकपणा बदलायच्या बटणाच्या) शॉकअपमध्ये बहुतेकदा रिबाउंडच मुख्यतः बदलतं. म्हणून निदान मागे तरी दोन नॉबचे, म्हणजे रिबाउंड आणि कम्प्रेशन वेगवेगळं बदलणारे घे. क्लिक (नॉबचे टप्पे) नेहमी पूर्ण कडकपासून उलटे मोज आणि दोन्ही सेटिंग लिहून ठेव.

दुसरं उत्तर: बसवताना टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडणारा भाग) आणि त्याचं बेअरिंग नवीनच टाका. जुनं बेअरिंग अडकलं की स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग टणकन उडते. स्ट्रटचे (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडाचे) खालचे दोन बोल्ट सुटले की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो, त्यामुळे अलाइनमेंट करावंच लागतं.

प्रश्नकर्ता: आणि स्प्रिंग कापून गाडी खाली केली तर?

दुसरं उत्तर: अजिबात नको. शॉकअपचा स्ट्रोक (दबायची जागा) संपतो, बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आदळून सील गळतं. शिवाय चाक लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीतून निसटते.