२००७ ची एसएसएच की (पासवर्डऐवजी सर्व्हरवर लॉगिन करायची डिजिटल किल्ली) अजून चालू आहे, काढू का?

रात्रपाळी:
मंडळी, ऑफिसातला एक जुना सर्व्हर माझ्या गळ्यात पडलाय. डेबियन ४ (लिनक्सचा एक प्रकार) पासून अपग्रेड करत करत इथवर आणलेला. ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (कुठल्या कीने आत येता येतं त्याची यादी) आधीच्या अ‍ॅडमिनची की आहे, कॉमेंटमध्ये चक्क २००७ लिहिलंय, आणि बॅकअपची स्क्रिप्ट तीच वापरते म्हणून कोणी हात लावत नाही. साहेब म्हणतात ओपनएसएसएल (की बनवताना वापरली जाणारी लायब्ररी) कधीच पॅच झालंय आणि की २०४८ बिटची आहे, मग घाबरायचं काय?

उलटा_स्लॅश:
पॅच ओपनएसएसएलला लागला रे, तेव्हा बनलेल्या कीला नाही. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनवाल्यांनी व्हॅलग्राइंडची (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) कटकट थांबावी म्हणून ओपनएसएसएलच्या कोडमधल्या दोन ओळी कॉमेंट करून बंद केल्या, त्यातली एक नेमकी रँडमसाठी गोळा केलेला सगळा मसाला आत टाकणारी होती. मग उरला काय, तर प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमला मिळणारा नंबर), तो ३२७६८ च्या आत. म्हणजे एका आर्किटेक्चरवर, एका प्रकारच्या आणि एका साइझच्या जेमतेम ३२ हजार की, बिट २०४८ असोत नाहीतर ४०९६. लुचियानो बेलोने पकडलं, १३ मे २००८ ला जाहीर झालं, आणि थोड्याच दिवसांत सगळ्या कीज बनवून लोकांनी नेटवर टाकल्या. होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी) तेव्हाच्या अपडेटने नव्या बनवून दिल्या, पण तुमच्या फाइलीत पडलेली युजरची की कोण बदलणार?

चहाटपरी:
आमच्याकडे तेव्हा दोन वेगवेगळ्या सर्व्हरच्या होस्ट कीची फिंगरप्रिंट (कीची छोटी ओळखखूण) सेम निघाली, मला वाटलं कोणीतरी डिस्क कॉपी केलीय, कॉपी करणाऱ्याला उगाच झापलं 😅
आणि डीएसए (कीचा एक प्रकार) की असेल तर अजून वाईट. चांगल्या मशीनवर बनवलेली असली तरी त्या डेबियनवरून एकदा वापरली की गेलीच, कारण डीएसएला प्रत्येक सहीला नवा रँडम आकडा लागतो आणि तो ओळखता आला की प्रायव्हेट की हातात येते.

रात्रपाळी:
त्या कच्च्या कीजच्या ब्लॅकलिस्टशी ताडून बघितली, सापडली 🤦 बॅकअपला नवीन की दिली, जुनी काढली, बॅकअप नीट झाला. पण आता लॉगमध्ये दुसऱ्याच एका आयपीवरून दर तासाला जुन्या कीने लॉगिन करायचा प्रयत्न दिसतोय. आयपी आमच्याच नेटवर्कमधला आहे, मशीन कुठल्या खोलीत आहे ते कोणालाच माहीत नाही. उद्या स्विचपासून केबल धरून शोधत जातो.