इन्सुलिनच्या सुया, जुन्या ट्यूब, थिनर: सोसायटीने द्यायचं कुणाला? (पुणे)

सेक्रेटरी_नाइलाजाने:
मंडळी, सिंहगड रोडवर आमची सोसायटी. ओला-सुका वेगळा होतो, सॅनिटरी पॅडच्या पुडीवर ओळखीसाठी लाल ठिपकाही लोक न सांगता काढतात. अडलंय भलतीकडेच. परवा सुका कचरा निवडताना 'स्वच्छ'च्या (कचरावेचकांची सहकारी संस्था) ताईंच्या बोटात इन्सुलिनची सुई घुसली. कुणाच्या घरची, कबूल कोण करणार! त्यात चौथ्या मजल्यावर रंगकाम झालंय. थिनरचा अर्धा कॅन आणि रंगाचे डबे मीटर रूमबाहेर पडलेत, शेजारी काढलेल्या ट्यूबांचा गठ्ठा. भंगारवाला म्हणतो, रंग ओतून टाका, मग डबे नेतो. ओतू कुठे? जवळच्या दवाखान्याने सुया घ्यायला चक्क नकार दिला. कुणी हे मार्गी लावलंय का?

लॅबवाली:
कचरा राहू दे, आधी ताईंना दवाखान्यात न्या. परवा म्हणताय ना? एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागते. आजच सरकारी रुग्णालयात जा, कावीळ-बीच्या लसीचंही विचारा. रिक्षाचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे सोसायटीने द्यावेत, हेही सांगायला लागू नये.

माजी_ईएचएस:
लॅबवालींचं आधी करा, मग हे वाचा.

थिनर मीटर रूमपाशी? आत्ता उठा आणि हलवा. झाकण घट्ट, उन्हापासून आणि ठिणगीपासून लांब. गटारात अजिबात नाही. ज्याने रंग दिला त्याच पेंटरला परत द्या, पुढच्या कामाला वापरेल. डब्यात तळाशी उरलेल्या वॉटरबेस रंगात लाकडाचा भुसा घालून वाळू द्या. वाळला की डबा भंगारात जातो.

दवाखान्याचं मात्र बरोबर आहे. त्यांच्या पिशव्यांवर बारकोड असतो, कोणाचा कचरा कुठून आला याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. तुमच्या सुया ते कोणत्या हिशेबात दाखवणार?

मी रांजणगावच्या एका कारखान्यात ईएचएस, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा विभागात होतो, घातक कचराच सांभाळायचो. गाळाचा एक ड्रम घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामायिक केंद्राकडे पाठवायचा तर फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद), त्याच्या सात रंगांच्या सात प्रती, ड्रायव्हरची सही. ड्रम पोचल्याची प्रत येईपर्यंत साहेब विचारत राहायचे. घरातल्या सुईला कागद नाही, काही नाही. ती थेट ताईंच्या हातात. म्हणून पॅकिंग घरातच व्हायला हवं. फ्लोअर क्लीनरची जाड बाटली घ्या, पाण्याची पातळ नको. सुई टोपण न लावता आत टाका, कारण टोपण लावतानाच बोटात जाते. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद, वर मार्करने ठळक 'सुया'.

ट्यूब नव्या ट्यूबच्या खोक्यात घाला. आत थोडा पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग जाड कागदाने गोळा करा. झाडू फिरवू नका. एलईडीत पारा नसतो, एलईडी दिवा ई-कचऱ्यात.

आता द्यायचं कुठे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र करण्याची जबाबदारी महापालिकेवर टाकली होती. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारा: आमचं केंद्र कोणतं, वेळ काय? फोनवर विचारलंत तर 'बघतो' एवढंच ऐकाल. अर्जावर आवक नंबर घ्या.

गच्चीवरची_बाग:
एवढा खटाटोप कशाला? तळघरात साठवून वर्षातून एकदा द्यायचं.

माजी_ईएचएस:
तळघरात थिनर आणि फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या एकत्र? नको हो. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरावाल्याला लगेच द्या. साठवायचंच तर फक्त ट्यूब आणि सुया, कुलूपबंद कपाटात.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
ताईंना ससूनला नेलं, गोळ्या वेळेत सुरू झाल्या. थिनर पेंटर कुरकुरत घेऊन गेला. अर्ज उद्या टाकतो. लिफ्टमध्ये बाटलीचा फोटो लावलाय, खाली कुणी लिहिलंय: "फ्लोअर क्लीनर सोसायटी देणार का?"

लॅबवाली:
द्या की! इन्सुलिनवाली घरं असून असून किती असतील?