ऑइल चेंबरचं पॅकिंग बदलायला इंजिन उतरवायचं? मला पटत नाही

पांदणवाट

यंदाच्या पावसानं आमची पांदण पुरती खचली आहे. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल गेल्या की मधला उंचवटा लहान गाडीच्या पोटाला घासते. काही आठवड्यांआधी शेतातून येताना त्या उंचवट्यातला दगड आमच्या जुन्या 800 सीसीच्या गाडीच्या ऑइल चेंबरवर, म्हणजे इंजिनच्या तळाला तेल साठवणाऱ्या भांड्यावर, बसला. चेंबर फुटलं नाही, पण आत दबलं आणि एका कडेनं पॅकिंग (जोडातून तेल गळू नये म्हणून मधात बसवलेली पट्टी) सुटलं. सकाळी अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर ताटाएवढा काळा डाग होता.

गाडी ट्रॅक्टरला बांधून तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तिथं उभ्या उभ्या सांगितलं, "इंजिन उतरवावं लागते. 14,000 रुपये, चार दिवस." खाली वाकून कोणी पाहिलंही नाही. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल आहे. म्हणजे मला पावणेदोन क्विंटल कापूस एका पॅकिंगपायी द्यायला सांगत होते, आणि तोही हमीभावानं विकला गेला तर.

मी गाडी तशीच परत आणली. माझा चुलतभाऊ काही वर्षं पुण्यात गॅरेजात होता. आम्ही दोघांनी शनिवारी दुपारी तेल काढलं आणि रविवारी सायंकाळपर्यंत काम उरकलं. सायलेन्सरचा पुढचा पाईप सोडला, क्लच हाउसिंगखालचा पत्रा काढला, चेंबरचे 10 नंबरच्या पान्याचे बोल्ट काढले. चेंबर चिकटून होतं. स्क्रू ड्रायव्हर खुपसला असता तर ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य सांगाड्याच्या) तोंडावर ओरखडा पडला असता, म्हणून लाकडी ठोकळा ठेवून बाजूनं हातोडीनं हलके ठोके दिले, तेव्हा सुटलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चेंबरची किनार सरळ करण्यात. मागं कोणीतरी बोल्ट आवळून आवळून प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा आत ओढला होता. नवीन पॅकिंग त्यावर बसलं असतं तरी दोन बोल्टांच्या मधून तेल गळलंच असतं. किनार लाकडावर उलटी ठेवून एकेक भोक ठोकून सपाट केलं. दबलेला तळही बाहेर काढला, कारण तो तेल ओढणाऱ्या जाळीच्या जवळ जाऊन पोचला होता. जाळीखाली जागा उरली नाही तर इंजिनातल्या तेलाच्या पंपाला तेल मिळत नाही.

सगळा खर्च पॅकिंग, सिलिकॉन (जोडावर लावायची, वाळल्यावर रबरासारखी होणारी पेस्ट), तेल आणि फिल्टरचा. तेल तर तीन लिटरच्या आतच बसते. दहा दिवस झाले, खाली कोरडं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की चेंबर इंजिनच्या तळाला बोल्टांनी लावलेलं झाकण आहे. ते काढायचं तर आधी गाडीखाली जाऊन पाहावं, मग इंजिनची भाषा करावी.

गोटीपाना

भाऊ, काम चांगलं केलं. किनार सरळ केली हे तर लय चांगलं, अर्धे मिस्त्री ते करत नाहीत. पण तुमचा मथळा वाचून उद्या कोणीही पाना घेऊन गाडीखाली शिरन, म्हणून लिहून राहिलो. माझं स्वतःचं गॅरेज आहे, 22 वर्षं झाली.

तुमची गाडी सोपी होती. तिचं इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेलं आहे आणि चेंबर खालून मोकळं दिसते. जीपसारख्या गाड्यांत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत असते आणि चेंबरच्या खालून क्रॉस मेंबर (गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी) जाते. बोल्ट सगळे निघतात, पण चेंबर बाहेरच येत नाही. मधात जाळी अडते, क्रँकचं (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) वजन अडते. तिथं इंजिनचे फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ते टेकू) सोडून दोन-तीन इंच उचलावंच लागते.

दुसरं, खाली गळते म्हणून खालूनच गळते असं नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं की तेल ब्लॉकवरून उतरते आणि चेंबरच्या किनारीवर जमा होते. ऑइल प्रेशरचा स्विच गळते, फिल्टरचं रबर गळते. गिऱ्हाईक म्हणते चेंबर गळून राहिलं. आपण चेंबर करतो, चार दिवसांनी गाडी परत दारात. मंग ते काम फुकटात कोण करन? दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत तीन जागी गळत असन तर इंजिन एकदाच उतरवून सगळी पॅकिंगं बदललेली बरी. मी गिऱ्हाइकाले तसंच सांगतो आणि त्याची मले लाज वाटत नाही.

पांदणवाट

तीन जागी गळत असेल तर मीही उतरवा म्हणेन. पण तीन जागी गळते हे समजायला खाली पाहावं लागते, आणि मला ज्यानं 14,000 सांगितले त्यानं पाहिलं नव्हतं. कास्तकाराला इंजिनातलं समजत नाही हे गृहीत धरून भाव सांगितला जाते, माझा राग त्यावर आहे. तुमच्यासारख्यांवर नाही.

कोरडवाहू

मी गोटीपानांच्या बाजूनं. माझ्या गाडीचं चेंबर मागच्या वर्षी इंजिन न उतरवताच केलं होतं, दोन तासांत. मी खुश होतो. पुढं वडनेर आणि हिंगणघाटच्या मध्ये, भर हायवेवर, तेलाचा लाल दिवा लागला. पेट्रोल पंप जवळच आहे म्हणून मी तसाच चालवत गेलो आणि इंजिन जाम झालं. उघडल्यावर जाळीत सिलिकॉनचे तुकडे निघाले, बोराच्या बियांसारखे. पॅकिंगवर दोन्हीकडून बोटभर जाड सिलिकॉन थापलं होतं. आवळल्यावर जेवढं बाहेर आलं तेवढंच आतही गेलं आणि तुटून तेलात पडलं. तेव्हापासून "इंजिन न उतरवता करून देतो" म्हणणाऱ्याची मला धास्ती वाटते.

पांदणवाट

तुमचं फार नुकसान झालं, वाचून वाईट वाटलं. पण इंजिन टेबलावर ठेवून तेवढंच सिलिकॉन थापलं असतं तरी ते जाळीतच गेलं असतं. दोष जाड थराचा आहे. पातळ सलग धार, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, एवढंच लागते. तयार रबराचं पॅकिंग असेल तर फक्त कोपऱ्यांत आणि जोडावर. आणि लाल दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथं बंद करायचं. पंप दिसत असला तरी गाडी ढकलत न्यायची.

गोटीपाना

पांदणवाट भाऊ, अर्धं बरोबर. पण घाई का होते ते पाहा. इंजिन जागेवर असलं की ब्लॉकमधून तेलाचे थेंब येतच राहतात. तुम्ही तोंड पुसलं, सिलिकॉन काढेपर्यंत पुन्हा ओलं. पोरगं पाठीवर निजलेलं, थेंब डोळ्यात पडून राहिला, मंग ते कंटाळून जाड थर थापते आणि बोल्ट जीव लावून आवळते. इंजिन बाहेर काढून उलटं केलं की ही भानगडच नाही.

तुम्ही शनिवारी तेल काढून रविवारी काम केलं ना? म्हणून जमलं. रातभर निथरू दिलं. गॅरेजात गिऱ्हाईक रातभर गाडी ठेवायले तयार नसते. सिलिकॉन लावल्यावर लगेच तेल टाकू नका, डब्यावर लिहिलेला वेळ द्या, एक रात्र गेली तर उत्तमच. आणि ते 6 मिलीमीटर जाडीचे बोल्ट असतात, त्यांना आवळायले साधारण 10 न्यूटन-मीटर एवढा जोर पुरते. लांब दांडी लावायचीच नाही. मधून सुरू करून आलटून पालटून कडेकडे जायचं.

वर्धाकाठ

तुम्ही सगळे पॅकिंगवर भांडता आहात, पण गाडी कशावर उभी होती हे कोणीच सांगितलं नाही. आमच्या गावात एकाचा हात असाच चिरडला. अंगणात, काळ्या मातीवर, नुसत्या जॅकवर गाडी होती. वरून जमीन टणक वाटली, पण जॅकचा पाय हळूहळू रुतत गेला आणि गाडी सरकली. इंजिन उतरवायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) नसतील तर घरी हे काम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घोड्यांखाली जाड फळ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि गाडीखाली जाण्याआधी तिला बाजूनं जोरात हलवून पाहणं. विटांवर तर अजिबात नको, वीट न सांगता फुटते. लिंबाच्या फांदीला चेन कुप्पी (वजन उचलायची साखळीची कप्पी) बांधून इंजिन तोलणारेही मी पाहिले आहेत. ती फांदी आतून पोखरलेली आहे की नाही हे कोण सांगणार?

पांदणवाट

हे मी लिहायला हवं होतं, चूक झाली. आमची गाडी चार घोड्यांवर होती, खाली बैलगाडीच्या जुन्या फळ्या टाकल्या होत्या.

कास्तकाराची लेक

माझ्या बाबांची जुनी सात सीटची गाडी आहे, जीपसारखीच, उभ्या इंजिनची. गळती बरीच आहे, आठवड्याला अर्धा लिटर तेल टाकावं लागते. पांढरकवड्यात इंजिन उतरवा म्हणतात. कापूस वेचणी सुरू आहे, बायांना शेतात नेण्याआणण्यासाठी रोज गाडी लागते. इंजिन थोडं उचलून होईल का?

गोटीपाना

ताई, आधी गळते कुठून ते पाहा, पैसे मंग. इंजिन थंड असताना खालून डिझेल आणि ब्रशनं स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या. मंग टाल्कम पावडर फुंकून चेंबरची किनार, क्लच हाउसिंगचा जोड, सगळं पांढरं करा. दहा मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवा, बंद करा आणि बॅटरी मारून पाहा. पावडर जिथं पहिल्यांदा ओली होईल तिथं गळती. सगळ्यात वरची ओली जागा धरायची, खालची नाही.

कास्तकाराची लेक

आज सकाळी केलं. टॅपेट कव्हर कोरडं, चेंबरची किनार चारही बाजूंनी पांढरीच राहिली. ओलं झालं ते मागं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं, अगदी खालच्या भोकातून थेंब येते.

गोटीपाना

मंग चेंबर खोलूच नका. थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलले उग्र, गंधकासारखा वास येते. तसा असन तर गिअरबॉक्सचं पुढचं सील (फिरत्या दांड्याभोवतीचं तेल अडवणारं कडं) गेलं. नसन तर क्रँकचं मागचं सील.

कास्तकाराची लेक

तसा वास नाही. काळं आहे, आणि इंजिनचं तेल मोजायच्या काडीवर जे तेल दिसते तसंच आहे.

गोटीपाना

मंग क्रँकचं सील. त्यासाठी इंजिन जागेवरच राहते, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडून गिअरबॉक्स उतरवा लागते. पांढरकवड्याच्या मिस्त्रीले विचारा, चेंबरसाठी सांगून राहिला होता की सीलसाठी, आणि इंजिन कायले उतरवतो ते तुमच्यासमोर गाडीखाली बोट ठेवून दाखवायले लावा. क्लच प्लेट तेव्हाच पाहून घ्या, तेलानं भिजली असन तर त्याच खोलाईत बदलून टाका. सकाळी गाडी दिली आणि सील आधीच आणून ठेवलं असन तर सायंकाळी मिळाली पाहिजे. वेचणीचा एकच दिवस जाईन.